पाड्यावरची शाळा कोणाची?

शहापूर तालुक्यात डोळखांब-कसाऱ्याच्या डोंगरउतारावर किंवा मुरबाड तालुक्यात माळशेजच्या पायथ्याशी एखाद्या पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा असते. तिच्यात दहा-पंधरा मुले असतात, एका खोलीत दोन-तीन इयत्ता शेजारी शेजारी बसतात आणि एक किंवा दोन शिक्षक त्या सर्वांना सांभाळतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वा वारली कुटुंबातील मुलाच्या आयुष्यात शासनसंस्था पहिल्यांदा सौम्य रूपाने प्रवेश करते ती या खोलीत. एरवी ती भेटते वनरक्षकाच्या नाही तर पोलिसाच्या रूपाने. सरकारी दप्तरात मात्र या शाळेला एकच नाव आहे : 'कमी पटाची शाळा'. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या तीन शब्दांच्या आडून गेली काही वर्षे ग्रामीण भागातील शिक्षणावरचा खर्च छाटण्याचा उद्योग चालू आहे. त्याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे, आणि तो केवळ शासनाचाच मांडून भागणार नाही.

घटनाक्रम पाहावा. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांचे जवळच्या शाळांत 'समायोजन' करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळांची माहिती मागविण्यात आली. अशा शाळा राज्यात पावणेपंधरा हजारांच्या घरात असून त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत असल्याचे शासनाच्याच आकड्यांतून पुढे आले. सप्टेंबर २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोगांचे दाखले देत 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागविले गेले. त्याच महिन्यात उद्योगसमूहांनी व दानशूरांनी शाळा दत्तक घ्याव्यात अशी योजना जाहीर झाली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे निकष बदलले आणि लहान शाळेतील दुसऱ्या नियमित शिक्षकाच्या पदावर घाव घातला. पुढे शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, ५ सप्टेंबर २०२४ रोजी, वीसपर्यंत पट असलेल्या शाळांत एक पद दरमहा १५ हजार रुपयांवर कंत्राटी शिक्षकाकडे देण्याचा निर्णय निघाला. आरडाओरड होताच वीसचा आकडा दहावर आणला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णयच रद्द करावा लागला.

या सर्व आदेशांत 'कपात' हा शब्द कोठेही सापडत नाही. समायोजन, गुणवत्ता, सामाजिकीकरण, सुविधांचा इष्टतम वापर अशी गोंडस शब्दयोजना आहे. पण सगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात : पाड्यावरची एक खोली कमी, नियमित वेतनश्रेणीतील एक पद कमी. अंदाजपत्रकातील आकड्याला थेट हात लावला की विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. निकष बदलला की तीच कपात गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर बिनबोभाट पार पडते.

पट कमी झाला, यात शासनाचा काय दोष, असे विचारले जाते. हा प्रश्न भोळेपणाचा नाही. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसाहाय्यित शाळांना दारे सताड उघडी करून दिली. त्यानंतर आसनगाव, वाशिंद, शहापूर, मुरबाड, सरळगाव अशा रस्त्यालगतच्या गावांतून इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरू लागल्या. ज्यांच्या घरी महिन्याचा पगार वा जमिनीच्या विक्रीचा पैसा आहे, त्यांची मुले त्या गाड्यांत बसली. मागे राहिली ती, ज्यांच्यासाठी दुसरी शाळाच नाही. म्हणजे आधी स्पर्धक उभा करायचा, मग जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुले गळाली की तिचा पट दाखवायचा, आणि शेवटी त्या पटाच्या आधारे शिक्षक काढून घ्यायचा. शिक्षक गेला की उरलेली मुलेही जातात आणि निकष खरा ठरतो.

शिवाय पट म्हणजे वर्गात बसलेली मुले, असे समजण्याचे कारण नाही. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो, आणि अलीकडे त्यातही आधार क्रमांकाची पडताळणी झालेली मुले तेवढी मोजण्याचा दंडक आला. ज्या कातकरी कुटुंबात जन्माची नोंद नाही, तेथे आधारचा पत्ता कसा असणार? मूल पाटी घेऊन पुढ्यात बसलेले आहे, दुपारची खिचडी खात आहे, पण संगणकाच्या लेखी ते अस्तित्वात नाही. मुदती वाढवून मिळाल्या, पण मुलाचे अस्तित्व क्रमांकावर अवलंबून ठेवणारी वृत्ती बदलली नाही. दिवाळी सरली की याच कुटुंबांचे बिऱ्हाड भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर हलते आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येते. त्या काळातील मुलांचे शिक्षण हा शासनाच्या दृष्टीने 'गळती'चा विषय आहे. मजुरीचे दर, भट्टीमालकाने दिलेली उचल आणि रोजगार हमीची न मिळालेली कामे यांच्याशी त्याचा संबंध जोडण्याची कोणाचीही तयारी नाही.

मग अंतराचा प्रश्न. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने व त्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असली पाहिजे, असे ठरविले. त्याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठपर्यंत मुलांना किमान दोन शिक्षक द्यावे लागतात. शाळेत बारा मुले आहेत म्हणून एक शिक्षक पुरे, असे कायदा म्हणत नाही. कारण बारा मुले चार इयत्तांची असली तर शिकवायचे चार वर्ग असतात. पण समूह शाळेच्या कल्पनेत अंतर मोजले जाते ते कागदावर. जुलै महिन्यात पाडा आणि गाव यांच्यामध्ये दुथडी भरून वाहणारा ओहोळ नकाशावर नसतो. वाहतूक भत्ता देऊ, असे सांगितले जाते. ज्या पाड्यावर एसटी कधी पोहोचली नाही, तेथे भत्ता कशाच्या तिकिटावर खर्च करायचा? सहा-सात वर्षांची मुलगी रानातून दोन-तीन किलोमीटर एकटी चालत जाणार नाही. तिची आई तिला धाकट्या भावंडांजवळ ठेवील, आणि ते मूर्खपणाचे ठरणार नाही. मुलींच्या शिक्षणाविषयी शासनाची कळकळ किती, याचा दाखला हवा असेल तर उपस्थिती भत्त्याचा इतिहास पुरेसा आहे. दुर्बल घटकांतील मुलींसाठी १९९२ मध्ये दिवसाला १ रुपया ठरला आणि पुढची तीन दशके तो १ रुपयाच राहिला. या तीन दशकांत आमदारांचे वेतन व भत्ते कितीदा वाढले, हे वेगळे सांगावयास नको.

पैसा नाही, हे उत्तर तर या भूमीवर उभे राहून देण्याची कोणाची छाती होऊ नये. १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा : मुंबईची तहान शहापूरच्या परिसराने भागविली. एकट्या भातसाचा वाटा मुंबईच्या पाण्यात निम्म्याच्या आसपास आहे. त्याच शहापुरात उन्हाळ्यात पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्याच्या शेतांतून आणि डोंगरांतून गेला. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. संपूर्ण रस्त्याचा खर्च पन्नास हजार कोटींच्या वर गेला. त्या रस्त्यावर दिवसाकाठी किती मोटारी धावल्या तर तो किफायतशीर, असा पट कोणी लावला नाही. किफायतीचा नियम फक्त पाड्याच्या शाळेला लागू आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता. सरकारचा महसूल प्रामुख्याने रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरी पडतो, हे त्यांच्या निवेदनाचे सार होते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते खजिना तुडुंब भरला होता म्हणून नव्हे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर करण्याचे आणि शेजारशाळेचे तत्त्व सांगितले. सहा टक्क्यांचे वचन त्यानंतरच्या प्रत्येक शैक्षणिक धोरणाने दिले आणि पाळले कोणीच नाही. २००४ पासून केंद्र सरकार शिक्षणाच्या नावाने उपकर गोळा करते. महाराष्ट्रात तर शहरांतील मालमत्तांवर १९६२ च्या कायद्यापासून शिक्षण उपकर आहे. घेताना शिक्षणाचे नाव घ्यायचे आणि देताना पट विचारायचा, अशी ही नीती आहे.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी दुसरा मार्ग दाखविला होता. आदिवासी मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा उभी राहिली. आजचे शासन तो विचार उलटा फिरवीत आहे. शाळा आपल्या सोयीच्या जागी बसेल, मुलाने तिच्याकडे यावे. नाही आले तर ते गळतीच्या रकान्यात जाईल.

येथवरचा हिशेब शासनाचा झाला. आता शिक्षक संघटनांचा. लहान शाळांवर घाव पडला तेव्हा रस्त्यावर कोण आले, तर शिक्षक आले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभरातील प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले आणि कंत्राटी शिक्षकांचा निर्णय पुढे मागे घ्यावा लागला, त्यात त्या रेट्याचा वाटा निश्चित आहे. निरक्षरांच्या सर्वेक्षणापासून नाना प्रकारच्या ऑनलाइन माहितीपर्यंत शिक्षकाला कारकून बनविणाऱ्या कामांविरुद्धही संघटनांनी आवाज उठविला, आणि तो योग्यच होता. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप ज्या शिक्षकांनी व कर्मचाऱ्यांनी लढविला, त्यांच्या वारसांवर निष्क्रियतेचा सरसकट आरोप करता येणार नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. दहा-पंधरा मुलांची शाळा बंद होणार असे कळल्यावर त्या पाड्यावरचा बाप शिक्षकांच्या मोर्चात का दिसत नाही?

त्याचे उत्तर कटू आहे. संघटनांच्या शक्तीचा मोठा भाग वर्षानुवर्षे बदल्या, पतपेढीच्या निवडणुका आणि एकमेकींचे सभासद फोडणे यांत खर्ची पडला. प्रत्येक सत्ताधारी पक्षाची एक शिक्षक शाखा निघाली. नेत्याचे वजन कशावर ठरले, तर जिल्हा परिषदेत कोणाची बदली तो रोखू शकतो यावर. बदल्यांच्या यादीत ज्याला 'अवघड क्षेत्र' म्हणतात, तेथून लवकर बाहेर पडणे हे संघटित शिक्षकाचे स्वप्न बनले. पण ज्याला तो अवघड क्षेत्र म्हणतो, ते कोणाचे तरी घर आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी आठवडाभर शाळा बंद राहिल्या. २००५ नंतर सेवेत आलेल्यांची ती मागणी न्याय्य होती. पण त्या आठवड्यात संघटनेने पाड्यावर जाऊन हा लढा तुमच्या मुलाच्या शाळेशी कसा जोडलेला आहे, हे सांगितले का? ५ डिसेंबर २०२५ रोजी संचमान्यता आणि पात्रता परीक्षेची सक्ती या प्रश्नांवर पुन्हा शाळा बंद ठेवल्या गेल्या. पाड्यावरच्या माणसाला त्यातून कळले एवढेच, की आज शाळा नाही. शासन शाळा बंद करते आणि शिक्षकही शाळा बंद करतात. या दोन्हींतला फरक त्याला समजावून सांगण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

मुख्यालयी राहण्याच्या वादात ही दरी सर्वांत रुंद झाली. शहापूर-मुरबाडमधील शिक्षकांचा मोठा वर्ग कल्याण, बदलापूर वा आसनगावहून रोज ये-जा करतो, हे सर्वांस ठाऊक आहे. २०१९ पासून मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव मागितला जाऊ लागला. २०२२ मध्ये एका आमदाराने याच प्रश्नावर शिक्षकांना सार्वजनिकरीत्या धारेवर धरले, तेव्हा मोर्चे निघाले. शिक्षकांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे : पाड्यावर राहण्याजोगे घर नाही, पाणी नाही, दवाखाना नाही, आणि निवासस्थाने बांधण्याचे कर्तव्य शासनाने कधीच पार पाडलेले नाही. पण संघटनांची मागणी काय होती? पाड्याजवळ शिक्षक निवास बांधा, ही मागणी शेवटी आली. अट काढून टाका, ही पहिली आली. ग्रामसभा ही आपली मित्र आहे असे न मानता ती आपल्यावर नेमलेली पहारेकरी आहे, असे संघटना मानून बसल्या. शासनाला याहून सोयीचे काय असणार? शिक्षक आणि पालक एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले की शाळा कोणी उचलून नेली, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

विधान परिषदेतील शिक्षक आमदार हा प्रश्न लढवतील, अशी आशा ज्यांना असेल, त्यांनी राज्यघटनेचे कलम १७१ वाचावे. शिक्षक मतदारसंघात मत आहे ते माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतील शिक्षकांना. पाड्यावरच्या प्राथमिक शिक्षकाला तेथे मतच नाही. २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तेव्हा तर समूह शाळेचा प्रस्ताव अडवून धरील असा निवडून आलेला सदस्यही सभागृहात उरला नाही. अशा स्थितीत प्राथमिक शिक्षकाला पालकावाचून दुसरा वाली नाही. दुर्दैव असे की, हे पालकालाही उमगलेले नाही आणि शिक्षकालाही.

दूरच्या एका शहराचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील शिकागो शहरात २०१२ मध्ये महापालिका क्षेत्रातील सार्वजनिक शाळांच्या शिक्षकांनी संप केला. संपापूर्वी त्यांच्या संघटनेने वस्त्यावस्त्यांतून पालकांच्या बैठका घेतल्या होत्या आणि पगाराबरोबर मुलांना कशा शाळा हव्यात याचा मसुदा पुढे ठेवला होता. पुढल्याच वर्षी तेथील प्रशासनाने कमी पटाचेच कारण देऊन सुमारे ५० शाळा बंद केल्या. त्यांतील बहुसंख्य काळ्या आणि गरीब वस्त्यांतील होत्या. एका संपाने सर्व काही वाचते, असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. पण पालकांशी जोडलेला धागा तुटला नाही. २०१९ मध्ये त्याच संघटनेने पुन्हा संप केला आणि प्रत्येक शाळेत परिचारिका व समाजसेवक नेमण्याचे आश्वासन करारात लिहून घेतले. केरळमध्ये 'न परवडणाऱ्या' म्हणून बंद होऊ घातलेल्या कोझिकोडच्या मलापरंबा येथील शाळेसह चार खासगी अनुदानित शाळा २०१६ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने ताब्यात घेतल्या, तेही स्थानिक लोक त्या शाळांच्या दारात उभे राहिले होते म्हणून.

शहापूर-मुरबाडला असे हत्यार उसने आणण्याची गरज नाही, ते घरातच आहे. शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांत सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि त्यांतील कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचे अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्याचे बंधन राज्यावर घातले आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. शाळा ही सामाजिक क्षेत्रातील संस्था नव्हे, असे कोणता सचिव म्हणू शकेल? शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती सक्तीची केली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे सांगितले, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम तिच्यावर सोपविले. या समित्या आज बहुतेक ठिकाणी सही-अंगठ्यापुरत्या उरल्या आहेत. त्या जिवंत करणे हे कोणत्याही मोर्चापेक्षा अवघड आणि अधिक मोलाचे काम आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढचे काम स्पष्ट आहे. ज्या ज्या पाड्यावर वीसच्या आत पट आहे, तेथील ग्रामसभेत शाळेचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला पाहिजे. वर्गात प्रत्यक्ष बसणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, आधार असो वा नसो, ठरावात नोंदले गेले पाहिजे. पावसाळ्यात तुटणारी वाट, वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे, न बांधलेले शिक्षक निवास यांचा उल्लेख त्यात असला पाहिजे. आणि त्या ठरावावर पालकांच्या सहीबरोबर शिक्षकाचीही सही असली पाहिजे. संघटनांकडे मागणे एकच आहे : पुढचे निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत जाल, तेव्हा पगार, बदली आणि निवृत्तिवेतन यांच्या आधी या ठरावांची चळत टेबलावर ठेवा. ज्या दिवशी शाळा बंद ठेवायची असेल, त्याच्या आधी पाड्यावर एक सभा घ्या. जी संघटना हे करील तिच्या संपाला पाडा पाठिंबा देईल. जी करणार नाही, तिच्या सभासदांची पदे कंत्राटी होत असताना पाडा तटस्थपणे पाहत राहील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही उरणार नाही.

शासनाने पाड्यावरच्या शाळेला ओझे ठरविले आहे आणि बहुतेक शिक्षकांनी तिला बदलीपूर्वीचा मुक्काम मानले आहे. ती आपली आहे, असे म्हणणारा फक्त पाडा उरतो, आणि त्याला अजून कोणी विचारलेले नाही. विचारण्याचे काम पुढच्या ग्रामसभेपासून सुरू होऊ शकते. पुढच्या ३० सप्टेंबरचा पट लागण्यापूर्वी ते झाले पाहिजे.